शिंगांच्या रंगाची बरणी

ज्या वर्षी रामरावांच्या धाकट्या मुलीचं, अर्पिताचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, ते साल दोन हजार तेवीस. महिना फाल्गुन. तूर निघून घरात डाळ आली होती, कापूस मधल्या खोलीत छताला टेकला होता आणि साक्षगंधाला तीन दिवस उरले होते. अशा एका दुपारी रामराव मारेगावहून सामान घेऊन घरी आले, ओसरीवर पाय ठेवला आणि पिशवीसकट खाली बसले.

ओसरीवर उन्हात पाच वस्तू वाळत होत्या. सॉसच्या दोन बाटल्या, दोन ग्लास आणि एक बरणी. सगळ्यांचा रंग काळपट सोनेरी, जणू आत्ताच कोणी जमिनीतून उकरून काढल्या. बाटल्या आणि ग्लासांचं रामरावांना काही नव्हतं. पण ती बरणी!

"अर्पे," ते म्हणाले. बरणीकडे बोट केलं. पुन्हा म्हणाले, "अर्पे, हे कोनं केलं?"

"म्या केलं बाबा!" अर्पिता हात पुसत बाहेर आली. "मोबाईलमंधी पाहून केलं. साध्या काचेले जुन्या जमान्याचा रंग देतात. पहिले निंबानं धुवाचं, मंग सोनेरी रंग कापसाच्या बोळ्यानं थापाचा, वाळला का काळं बूटपॉलिश चोळाचं अन् अर्धं पुसून घ्याचं. फोटोत मांगं ठेवू. राजवाड्यातल्यावानी दिसते का नाई?"

"अन् बरणी कायले घेतली?"

"तुमीच तं साऱ्या गावाले सांगता, आजीच्या वेळची हाय म्हणून. पन दिसत नव्हती ना जुनी. आता दिसते."

रामरावांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे नंदाबाई उभ्या राहिल्या.

नंदाबाई म्हणजे रामरावांची थोरली बहीण, दिल्या घरी पांढरकवड्याला. आईच्या मागे भांड्यांची वाटणी झाली तेव्हा लोणच्याची ही काचेची बरणी नंदाबाईंच्या वाट्याला गेली आणि रामराव, मिशीवाला माणूस, हुंदके देऊन रडले. मग बहिणीनेच तोड काढली. बरणी दोघांची. ज्येष्ठात ती आंब्याच्या लोणच्याने भरून भावाकडे यायची, फाल्गुनात नव्या तुरीच्या डाळीने भरून बहिणीकडे परत जायची. दुसऱ्याचं भांडं रिकामं परतवायचं नाही, हा आईचाच नियम. बरणीच्या बुडाशी काचेत एक बारीक बुडबुडा होता. आल्यागेल्याला रामराव बरणी उलटी करून तो दाखवत आणि म्हणत, "हे पाहा, माह्या मायच्या हातची निशानी." बरणी आली की तिच्या पाया पडत. जायला निघाली की पुन्हा पडत.

आता नंदाबाईंचा स्वभाव. एकदा रामरावांच्या हातून त्यांची परात चेपली, तर त्या सात वर्षं भावाशी बोलल्या नाहीत. बोलायची वेळच आली तर भिंतीशी बोलत. "भिंते, माह्या भावाले सांग, जेवाले बस म्हना." पितळेच्या परातीला सात वर्षं, तर आईच्या बरणीला किती, हा हिशेब रामरावांना झेपेना. त्यात हे स्थळ नंदाबाईंनीच आणलेलं. मुलगा ऋतिक त्यांच्या दिराचा नातू. पुसदला मास्तर, निर्व्यसनी, अर्पिताला मनापासून पसंत. पण त्या घरी नंदाबाईंच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं. त्या नाही म्हणाल्या की साक्षगंध तिथंच आटोपलं. आणि साक्षगंधाहून परत जाताना त्या बरणी घेऊन जाणार होत्या.

"रंग कोठून आनला?" रामरावांनी शेवटच्या आशेने विचारलं.

"पोळ्याचा उरला होता ना. बैलाच्या शिंगाचा."

आशा संपली. तो रंग रामराव स्वतः निवडून आणत. बैल नाल्यात डुंबो, झाडाला शिंग घासो की दुसऱ्या बैलाशी झुंजो, पुढच्या पोळ्यापर्यंत रंग ढळत नाही, असं त्यांनीच चारचौघांत छाती ठोकून सांगितलं होतं.

त्या दिवशी बरणी घासलेट प्याली. मग राख, चिंच, खायचा सोडा. रंग जास्तच चमकला. दुसऱ्या दिवशी रामरावांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या धर्मपालला बोलावलं. धर्मपालने बरणी उजेडात धरली, नखाने खरवडली आणि वैद्यासारखी मान हलवली.

"काका, हा शिंगाचा रंग हाय. शिंग झिजन तवा हा निंगन."

"बरणीले शिंग नाई बे, धर्मपाल!"

"म्हनूनच तं म्हनतो, कठीन हाय."

तरी त्याने थिनर लावून पाहिलं. पोटाजवळ एक चट्टा तेवढा उघडा पडला आणि बरणी खरूज झालेल्या म्हशीसारखी दिसू लागली. चट्टा पाहून अर्पिता रडायला लागली आणि रडत रडत तिने त्यावर पुन्हा रंग थापला, पुन्हा पॉलिश चोळलं. आता बरणी आणखी पन्नास वर्षांनी म्हातारी झाली.

तिसऱ्या दिवशी रामराव तशीच दुसरी बरणी शोधायला मारेगाव आणि वणी पालथी घालून आले. सगळीकडे प्लास्टिक. एका दुकानात काचेची निघाली, पण तिच्या बुडाशी बुडबुडा नव्हता.

"बुडबुडावाली दाखवा ना," रामराव म्हणाले. दुकानदाराने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तसेच पायरी उतरले.

"हे पाहा," त्यांची बायको इंदूबाई म्हणाली, "बाई आल्या का सरळ सांगून टाका. खाऊन तं नाई टाकनार."

"तू परातीच्या वक्ताले नवी होती. तुले काय मालूम!"

एवढ्यात बाहेर ऑटो थांबला. नंदाबाई एक दिवस आधीच आल्या होत्या. रामरावांनी बरणी उचलली, मधल्या खोलीत धावले आणि कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून ती पुरली. वरून कापूस सारखा केला. बाहेर येऊन बहिणीच्या पाया पडले, तेव्हा त्यांच्या मिशीला कापूस लागलेला होता.

"माही बरणी कुठं हाय रे?" नंदाबाईंनी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"हाय ना! डाळ... डाळीले ऊन दाखवून राह्यलो."

जेवणं झाली. हात धुऊन नंदाबाई म्हणाल्या, "ऑटोनं कंबरेचा भुगा केला बाप्पा. मी जराशी कापसावर पडते."

"नोको बाई!" रामराव ओरडलेच. "कापसात इच्चू हाय!"

"इच्चूले मी भेत नाई. इच्चूच मले भेते," असं म्हणत त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

रामराव ओसरीवर खांबाला धरून बसले. अर्पिता नखं खात चुलीजवळ उभी राहिली. आतून आधी कुशी बदलल्याचा आवाज आला, मग "हे काय टोचून राह्यलं" असं पुटपुटणं. मग काहीच नाही. आणि मग अशी किंकाळी आली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"माय वो!"

रामराव आत धावले. मागे इंदूबाई, तिच्या मागे अर्पिता. नंदाबाई गंजीवर बसलेल्या, केसांत कापूस, पुढे ती काळपट सोनेरी बरणी, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. ओठ थरथरत होते. रामरावांना वाटलं, हा संतापाचा थरथराट. त्यांनीही हात जोडले आणि कबुलीसाठी तोंड उघडलं. पण आधी नंदाबाईच बोलल्या.

"माय, चुकलं माह्यं! तुही बरणी म्या फोडली वो! बसमंधी, करंजी गावापासच्या खड्ड्यात, मांडीवरून पडली. रामा रडन म्हनून नाई सांगतलं. तसीच दुसरी आनली. मले मालूम होतं, तू एक दिवस तुही बरणी घेऊन येशीन. मले नेऊ नोको माय, पोरीचं साक्षगंध तं होऊ दे!"

रामरावांचं तोंड उघडंच होतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "कधी फुटली?"

नंदाबाईंनी एक डोळा उघडला. समोर आई नव्हती, भाऊ होता. अर्पिताचे हात सोनेरी होते. त्यांनी बरणी उलटी केली, बुडबुडा पाहिला, कपाळावरचा घाम पुसला.

"बावीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या.

"अन् बुडबुडा?"

"बुडबुडावाली भेटाले पांढरकवड्यात तीन दुकानं फिरली म्या. दुकानदार म्हने, बाई, ऐब असलेली कायले नेता, चांगली न्या."

"मंग मी बावीस वर्सं कोनाच्या पाया पडून राह्यलो?"

"त्या दुकानदाराच्या," इंदूबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून खोलीबाहेर पळाली.

रामरावांचे डोळे भरून आले. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. मग त्यांना तीन दिवसांचं घासलेट आठवलं, राख आठवली, वणीचा दुकानदार आठवला, आणि भरल्या डोळ्यांनीच ते हसायला लागले. नंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"भिंते, माह्या भावाले सांग, हे त्यानं कोनाले सांगू नये."

"भिंते," रामराव म्हणाले, "माह्या बहिनीले सांग, तिनं माह्या पोरीले रागावू नये."

"अन् रंग राहू दे म्हना," नंदाबाई भिंतीलाच म्हणाल्या. "आता कुठं मायची दिसते."

दुसऱ्या दिवशी साक्षगंध झालं. बरणी फोटोत मधोमध आली. ऋतिकच्या आजोबांनी ती हातात घेऊन निरखली आणि अशी काच आता होत नाही, असं म्हणाले. भाऊ-बहीण दोघंही तेव्हा छताकडे पाहत होते. संध्याकाळी नंदाबाई डाळीने भरलेली बरणी मांडीवर घेऊन ऑटोत बसल्या, आणि रामराव सवयीने तिच्या पाया पडले. कोणाच्या, ते त्यांनी मनाशी विचारलं नाही.

ज्येष्ठात बरणी लोणच्याने भरून आली. पुढच्या फाल्गुनात रामरावांनी ती धुऊन, वाळवून, नव्या डाळीने गळ्यापर्यंत भरली आणि होळी झाली की नेऊन द्यायची म्हणून दाराजवळ ठेवली. रंग जरासुद्धा ढळला नव्हता.

नंदाबाई पंचवीस मार्च दोन हजार चोवीस रोजी, धुळवडीच्या सकाळी, पांढरकवड्याला आपल्या घरी वारल्या. बरणी रामरावांकडे आहे, भरलेली.