देवसिंग राठोड यांचा काळा-पांढरा फोटो

नैतिक असल्याशिवाय कोणतीही वस्तू महाग विकता येत नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. पूर्वी माल चांगला असला की भागत असे. आता मालाबरोबर मालकाचे मनही चांगले लागते, आणि तसे पाकिटावर छापावे लागते.

पांढरकवड्याच्या कपिल भोयर या तरुणाने हे वेळीच ओळखले. हैदराबाद रस्त्यावर, पंक्चरच्या दुकानाला लागून, त्याने कॉफी भाजायचा छोटा कारखाना काढला. भाजायचे यंत्र अय्याज मिस्त्रीने फुटाण्याच्या भट्टीतून घडवले. (त्यामुळे पहिल्या मालाला फुटाण्यांचा वास होता. पुण्याच्या गिऱ्हाइकांना त्यात मातीशी नाते जाणवले.)

नैतिक खरेदीचे नियम कपिलने भिंतीवर लावले आहेत. शेतकऱ्याला नावाने ओळखावे. त्याच्या घरी जाऊन बसावे. पिकावर विषारी फवारा नसावा. आणि शेतकऱ्याचा फोटो पाकिटावर असावा, नाहीतर पहिल्या तिन्ही गोष्टी केल्याचे कुणाला कळणार?

झरी जामणी तालुक्यातल्या एका तांड्यावरचे देवसिंग राठोड या सर्व कसोट्यांना उतरले. ते पूर्वी कर्नाटकात मळ्यावर कामाला गेले होते. येताना त्यांनी कॉफीची रोपे आणली, नाल्याकाठी आंब्यांच्या सावलीत लावली आणि विसरून गेले. (या जिल्ह्यात कॉफी येत नाही, असे जाणकार सांगतात. झाडांना ते कुणी कळवलेले नाही.) विसरल्यामुळे खत पडले नाही, फवारणी झाली नाही, आणि शेती आपोआप सेंद्रिय झाली. कपिल अधूनमधून त्यांच्या घरी नियमाप्रमाणे जाऊन बसे. देवसिंगची बायको रामीबाई त्याला चहा देई. कॉफी त्या घरात कुणी पीत नाही, ती उष्ण पडते.

पाकिटासाठी फोटो काढायला नागपूरहून निकिता नावाची डिझायनर आली. रंगीत शेतकरी खपत नाही, असे तिचे मत पडले. देवसिंगनी धुतलेला पांढरा सदरा घातला आणि आपल्याकडे सगळेच कॅमेऱ्यासमोर उभे राहतात तसे, म्हणजे जामीन नाकारल्यासारखे उभे राहिले. फोटोखाली छापले : 'देवसिंग राठोड. आयुष्यभर मातीची सेवा केली.' उद्घाटनाला याच पाकिटाचा मोठा फ्लेक्स हमरस्त्यावर लागला. कपिलच्या आईने पूजा करून फ्लेक्सला झेंडूचा हार घातला.

आता, आपल्या भागात फ्लेक्स दोनच प्रकारचे असतात. माणूस रंगीत असला तर वाढदिवस. काळा-पांढरा असून वर हार असला, तर मजकूर वाचायची गरज पडत नाही. देवसिंगची मुलगी प्रेरणा हिचे लग्न नेरच्या सेवादास चव्हाणांच्या मुलाशी ठरले होते, आणि तारीख जवळ आली होती. सेवादासांनी तो फ्लेक्स बसच्या खिडकीतून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ते जीपभर माणसे घेऊन तांड्यावर उतरले. देवसिंग दारात शेळीला पाला टाकत होते.

"इवाई, आम्ही तं तुमच्या मयतीले आलो," होणारे व्याही सेवादास म्हणाले.

"या, बसा," देवसिंग म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

रडायच्या तयारीने आलेल्या बायकांनी चहा घेतला. अडचण पुढेच होती. घरात मयत झाली की त्या वर्षी लग्न नाही, म्हणून नेरला सेवादासांनी मांडववाल्याला नको सांगितले होते आणि भाऊबंदांना कळवून टाकले होते.

"मी तुमाले डोयानं पाह्यलं," सेवादास म्हणाले. "पण बाकीच्यायनं फ्लेक्स पाह्यला. माह्या तोंडाले कोन इचारते? वाढदिवसाचा फ्लेक्स लावा. रंगीत. मंग मांडव टाकतो."

देवसिंग पांढरकवड्याला गेले. तिथे कपिलला मान वर करायला फुरसत नव्हती. शहरातल्या गिऱ्हाइकांचाही तोच समज झाला होता आणि खप तिप्पट झाला होता. मुंबईच्या एक बाई पहिला घोट घेण्याआधी मिनिटभर स्तब्ध उभ्या राहू लागल्या होत्या.

"काका, एवढा माल संपेपर्यंत थांबता नाही येनार काय?" कपिलने विचारले. (त्याने हे देवसिंगच्या मांडीला मांडी लावून विचारले, हे नमूद करणे आवश्यक आहे.)

"मी थांबतो ना," देवसिंग म्हणाले. "मले काय, वर्षभर मेल्यावानी राह्यतो. पण पोरगी दोन दिवसापासून जेवली नाही. तिले काय सांगू?"

यावर कपिलला खरोखरच लाज वाटली. त्याने स्वखर्चाने नवा फ्लेक्स लावला. त्यात देवसिंग गुलाबी शर्टात, गॉगल घालून, केकवर सुरी धरून हसत होते आणि खाली शुभेच्छुकांची रांग होती. सेवादासांनी भाऊबंदांना बसने आणून तो दाखवला. ठरल्या तारखेला लग्न लागले आणि प्रेरणा नेरला गेली.

मन हलके झालेल्या कपिलने पाकिटावरही तोच हसरा फोटो छापला. खप महिन्याभरात बसला. एका गिऱ्हाइकाने लिहिले, शेतकरी एवढा हसतो म्हणजे आपल्याकडून जास्त घेतले जात असणार. दुसऱ्याला गॉगलवाला दलाल वाटला. स्तब्ध उभ्या राहणाऱ्या बाईंनी पैसे परत मागितले.

सध्या देवसिंग ठणठणीत आहेत, प्रेरणा सुखात आहे आणि यंदाची कॉफी पोत्यांत पडून आहे. आपल्यापैकी कुणाला हवी असल्यास कपिलला फोन करावा. जुन्या फोटोची पाकिटे आहेत का, असे मात्र विचारू नये, ते बरे दिसत नाही. तरी आपण विचारणारच, म्हणून त्याने थोडी बाजूला काढून ठेवली आहेत. त्यांचा भाव दुप्पट आहे.