साहेबांच्या गाडीला तीन ओके

"साहेबांना मी आणतो! अकराच्या ठोक्याला हॉलच्या दारात उभे करतो!" फिटरकाकांनी छाती ठोकून सांगितलं होतं.

सांगणं भागच होतं. हवाई दलातल्या त्यांच्या जुन्या स्क्वॉड्रनच्या संघटनेला घरघर लागली होती. मागच्या मेळाव्याला माणसं कमी आणि खुर्च्याच जास्त! "बंदच करून टाकू," असंही कुणीतरी म्हणालं. चिटणीस फिटरकाकांना ते मान्य नव्हतं. ज्यांच्याबरोबर तारुण्य काढलं, त्यांना आता फक्त मयताला भेटायचं? मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. साहेब! स्क्वॉड्रनचे प्रमुख, पट्टीचे वैमानिक, आता वय नव्वद. साहेब येणार म्हटल्यावर गुडघे, मोतीबिंदू, नातवंडं सगळं बाजूला ठेवून मंडळी तयार झाली.

काकांनी मुलाची गाडी मागून घेतली. मागच्या सीटवर वायरमन आणि चाकवाला. एक विमानाच्या वायरी बघायचा, दुसरा चाकं, फिटरकाका इंजिन, आणि निवृत्तीनंतरही नावं तीच चिकटलेली. साहेब कडक इस्त्रीचा कोट घालून पुढे बसले. गाडी दोन गल्ल्या गेली, आचके दिले आणि बसली.

"पाच मिनिटं, साहेब!" काकांनी बाह्या सरसावल्या.

तिघे गाडीवर तुटून पडले.

"वायरी ओके!"

"चाकं ओके!" चाकांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, पण चाकवाल्याने चारही तपासली.

"इंजिन ओके!" काका गरजले.

तीन ओके मिळाले, गाडी मात्र ढिम्म! तेवढ्यात हॉलवरून बायकोचा फोन.

"अहो, आहात कुठे? चहाची दुसरी फेरी झाली! लोक चपला शोधायला लागलेत!"

"आलोच!" काकांना घाम फुटला. लोक उठले की संपलं. पुन्हा कोण येतंय!

एक टॅक्सीवाला थांबला. "आजोबांना मी सोडू का?"

"मी माझं विमान सोडून जात नाही," साहेब आतून म्हणाले. विषय संपला.

"ढकला!" काकांनी हुकूम दिला.

तीन म्हातारे गाडी ढकलू लागले, काका खिडकीतून एका हाताने स्टिअरिंग धरून. साहेब ताठ बसून दोन्ही बाजूंना मान लववत होते. लोकांना वाटलं, काहीतरी मानवंदना चालली आहे! न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, मागोमाग अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चौकातल्या पोलिसाने सगळी वाहनं अडवून कडक सलाम ठोकला. काकांची कंबर बोंबलत होती, पण छाती शर्टात मावत नव्हती.

हॉलपाशी पोचले तर निम्मी मंडळी रस्त्यावर, निघायच्या बेतात. "साहेब!" कुणीतरी ओरडलं. काठ्या भिंतीला टेकवल्या, पिशव्या खाली ठेवल्या आणि सगळे धावले. जमेल तिथे हात लावला. काहींचे हात गाडीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांनी पुढच्याची पाठ ढकलली! साहेबांचे डोळे भरून आले. काका तर उघड उघड रडले. संघटना बंद करायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गर्दीतून तेलवाला पुढे आला. विमानांत इंधन भरणं हे त्याचं काम. आज मात्र तो सकाळपासून हॉलवर चहा सांभाळत होता.

"पेट्रोल होतं ना रे?"

वायरमनने चाकवाल्याकडे पाहिलं. चाकवाल्याने काकांकडे. काकांनी आभाळाकडे.

"काटा निघाल्यापासून शून्यावर होता," साहेब शांतपणे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत, साहेब?" काकांनी विचारलं.

"जमिनीवर असेपर्यंत विमान तुमचं. तुमच्या कामात मी कधी तोंड घातलंय?"

काकांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "साहेब, या माणसांच्या भरवशावर तुम्ही आकाशात जायचात?"

"रोज, वहिनी. आणि रोज सुखरूप परत यायचो."

काकांची छाती पुन्हा फुगली.

"तेव्हा तेलवाला चहाच्या ड्युटीवर नसायचा," साहेब म्हणाले.