लांबून फोटो काढणारे सोनवणेकाका

फोटो काढायचा म्हटलं की माणसं जवळ येतात. आमचे सोनवणेकाका लांब जातात.

"काका, एक फोटो काढा ना," असं कुणी म्हटलं की ते "थांबा" म्हणून चपला घालतात आणि जिना उतरायला लागतात. नवीन माणसाला वाटतं, रागावून निघाले. पाच-सात मिनिटांनी फोन वाजतो. "हां, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आहे. मी दिसतोय का? नाही दिसणार. मला तुम्ही दिसताय. कानामागची बट जरा आत घ्या."

संत तुकाराम नगरात आमची चार मजल्यांची जुनी बिल्डिंग आहे. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि समोर काकांचं. काका चाकणच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटीला होते. तयार झालेला माल हातात घ्यायचा, मापात असला तर ओके, नसला तर रिजेक्ट. रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरकडं जातात. काकांनी कॅमेरा आणला. त्याची पुढची नळी बटण फिरवलं की सोंडेसारखी बाहेर येते आणि कुठल्या कुठलं लांबचं ताटात वाढल्यासारखं समोर येतं.

मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार? पण काकांनी जिन्यात, गच्चीवर, भाजीच्या गाडीपाशी इतक्या वेळा समजावलंय की झोपेतसुद्धा सांगेन. नळी आत असली की अख्खी बिल्डिंग मावते. पूर्ण बाहेर आली की त्याच बिल्डिंगवर बसलेल्या कावळ्याचा डोळा दिसतो. शिवाय हात हलला तरी फोटो हलत नाही. हे पटवायला काका एकदा जिन्यातच कॅमेरा डोळ्याला लावून कमरेतून डुलायला लागले. "बघा, मी हलतोय, फोटो हलत नाही." गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन खालच्या पायरीवर उभा होता. तो म्हणाला, "काका, फोटोचं राहू द्या, मी हलायच्या आत वाट द्या."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "जवळून काय, कुणालाही दिसतं."

मला एकदा पासबुकासाठी फोटो हवा होता. काकांनी मला गॅलरीत स्टुलावर बसवलं. मागं पांढरं पाहिजे म्हणून आमच्या ह्यांना चादर धरून टाचा उंच करून उभं केलं, आणि स्वतः गेले समोरच्या गच्चीवर. मग फोनवरून सूचना सुरू. "हनुवटी वर. एवढी नाही. आता मध्ये कबूतर आलं. बसून राहा, ते जाईल." ते कबूतर काही जाईना. चादरीमागून हे म्हणाले, "त्या कबुतराचाच काढा आणि मला सोडा." शेवटी फोटो निघाला. इतका स्वच्छ, की सकाळी खाल्लेल्या चटणीतला तीळ माझ्या दातात दिसत होता. बँकेतल्या बाईंनी फोटो उलटासुलटा करून विचारलं, "कुठं काढला हो हा?" मी म्हटलं, "घरीच." कुठून काढला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. आम्ही अठरा बायका नटूनथटून गेटसमोर दोन रांगांत उभ्या. काका रस्त्याच्या पलीकडं, पार पाण्याच्या टाकीपाशी. तिथून त्यांनी हात वर केला की हसायचं, असं ठरलेलं. त्यांनी हात वर केला, आम्ही हसलो, आणि मधून टेम्पो गेला. परत हात, परत हसू, आता पाण्याचा टँकर. असं वीस मिनिटं चाललं. हसून हसून आमचे गाल दुखायला लागले. रस्त्यानं जाणारे लोक बघायचे, या बायका कुणाला हसतायत? मग चांगला आलेला फोटो काका दाखवायला आले. त्यात आम्ही नव्हतो. टेम्पोची मागची बाजू होती. "पण अक्षरं बघा," काका म्हणाले, "कसली कडक आलीत!"

आमचे फोटो मात्र त्यांनी रिजेक्ट केले. कारणं वहीत लिहिलेली. मागची रांग, डावीकडून तिसरी, डोळे बंद. पुढची रांग, दुसरी, पदर मापाबाहेर. बत्तीस वर्षांची सवय, जाणार कुठं? एकदा पौर्णिमेला त्यांनी संध्याकाळीच सगळ्या बिल्डिंगला गच्चीवर बोलावून कॅमेऱ्यातून चंद्र दाखवला. मी पहिल्यांदाच त्याच्यावरचे खड्डे बघितले, मला तर अंगावर काटा आला. काका मान हलवत म्हणाले, "गोलाई चांगली आहे. पण फिनिशिंग नाही. आमच्याकडं असा पीस आला असता तर परत पाठवला असता."

"कुणाकडं पाठवला असता?" सुमनकाकूंनी विचारलं. सुमनकाकू म्हणजे काकांच्या मिसेस.

काकांनी जरा विचार केला. "तोही प्रश्नच आहे," म्हणाले.

गच्चीची किल्ली काकांकडंच असायची. लांबून टाकीचं झाकण उघडं दिसलं, पाइप गळताना दिसला, की लगेच सेक्रेटरींना कळवायचे, म्हणून ती त्यांना दिलेली. आमचे सेक्रेटरी भोंडवेअण्णा. या भागातलं जुनं घराणं, बोलणं अजून गावचं. अण्णांना साखर आहे आणि घरात त्यांच्या मिसेस, आमच्या वहिनी, आहेत. दोन्ही कडक.

एके दिवशी काका मोठ्या उत्साहानं अण्णांच्या दारात गेले. मी जिन्यात होते, सगळं ऐकलं. "अण्णा, काय फोटो आलाय बघा! गच्चीवरून काढलाय. तो तुमच्या मिशीवरचा पाकाचा थेंब बघा. पडायच्या आत धरलाय!"

फोटोत अण्णा चौकातल्या गाडीवर जिलेबी खात होते. काकांना जिलेबी दिसलीच नव्हती. त्यांना फक्त थेंब दिसला होता. आणि वहिनी अण्णांच्या मागंच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. कॅमेऱ्यामुळं लोकांच्या घरातलं दिसतं, तरी सोनवणे यांनी गच्चीची किल्ली जमा करावी, रविवारी मीटिंग.

काकांचा चेहरा उतरला. मला नोटिशीतलं खरं वाटेना, कारण खिडकीच्या बाबतीत काका फार कडक. मला एकदा म्हणाले होते, "चौकटीच्या आतला माल आपल्याकडं तपासायला आलेला नाही." पण बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झालीच. कुणी पडदे शिवायला टाकले. सुमनकाकू माझ्याकडं येऊन बसल्या. "किल्ली गेली ना," म्हणाल्या, "तर हा माणूस घरात बसणार. परवा पाऊस होता तर माझ्या पोळ्या पट्टीनं मोजल्या त्यांनी." आम्ही दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, "हसू नकोस गं. सकाळी गच्चीवर गेल्याशिवाय चहासुद्धा घशाखाली उतरत नाही त्यांच्या. किल्ली नको जायला."

मीटिंग अण्णांच्या हॉलमध्ये. आमच्या ह्यांना ओव्हरटाइम, म्हणून मलाच जावं लागलं. मी दाराशी, चपलांच्या बाजूला बसले. आजवर कुठल्याच मीटिंगला मी तोंड उघडलं नव्हतं.

अण्णांनी घसा साफ केला. "माझं म्हननं येवढंच हाय, कॅमेऱ्यात काय काय हाय ते समद्यांना दावा. वायर लावा टीव्हीला. लपवन्यासारखं न्हाई ना काय?"

आता गंमत बघा. हे काका गॅसवाल्याला थांबवून फोटो दाखवणारे. आम्हाला वाटलं, लगेच उठतील. काकांनी कॅमेरा पोटाशी धरला आणि म्हणाले, "नको."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. पडदे शिवायला टाकणाऱ्या बाईंनी मान डोलावली.

"का नको?" अण्णा म्हणाले.

"नको म्हणजे नको. किल्ली घ्या."

त्यांनी खिशातून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली. तेवढ्यात सुमनकाकू उठल्या, काकांच्या हातातून कॅमेरा घेतला आणि अण्णांच्या हातात दिला. "लावा हो तुम्ही. माझ्या माणसाला कुणी असलं-तसलं म्हणायचं काम नाही."

फोटो सुरू झाले. टाकीचं झाकण. गळका पाइप. पुन्हा टाकीचं झाकण, दुसऱ्या बाजूनं. चंद्र, फिनिशिंग नसलेला. कावळ्याचं घरटं, त्यात वायरी, काड्या आणि माझी हरवलेली केसांची पिन. मग अण्णा, जिलेबीच्या गाडीवर.

"ह्यो तर बघितलाय, फुडं चला," अण्णा घाईनं म्हणाले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. टीव्हीजवळ गेल्या. "त्यात निळा शर्ट व्हता. ह्यो पांढरा हाय. ही दुसरी बारी हाय!"

असा हशा झाला म्हणता! काकासुद्धा गालात हसले. अण्णांनी घाम पुसत बटण दाबलं, पुढचा फोटो आला आणि हशा हळूहळू थांबला.

फोटोत आमच्या कोपऱ्यावर उभी असलेली बस होती. पुढच्या फोटोतही बस. त्याच्या पुढंही. तोच कोपरा, तीच बस, सकाळचं ऊन, चढणारी माणसं. कधी स्वेटर घातलेली, कधी छत्र्या घेतलेली. अण्णा बटण दाबत होते आणि बस संपत नव्हती. एकही खिडकी नाही, एकही घर नाही.

"आवो, ह्ये काय? आरटीओत लागलाय का तुमी?"

कुणी हसलं नाही. मी टीव्हीकडं बघत होते. दारातून चढणारा, डबा काखेत धरलेला माणूस मला ओळखू आला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अगंबाई, हे आमचे हे!"

सगळे वळले. कानशिलं तापली माझी. पण आता अर्धवट सोडून चालणार नव्हतं. "ह्यांच्या कंपनीची बस आहे," मी म्हटलं. "जनरल शिफ्टची, पावणेआठची. काका यातूनच जायचे."

काका खाली बघून चष्मा पुसत होते. शर्टाच्या टोकानं, कितीतरी वेळ.

"मंग हितनं काय बघता?" अण्णांचा आवाज खाली आला होता. "खाली जावा की. कोपरा तर हाय. जिना उतरला की पोचलात."

"गेलो होतो दोन-तीनदा," काका म्हणाले. "सगळे विचारतात, काका, कसं चाललंय? काय करताय हल्ली? मग सांगायला काहीतरी पाहिजे ना." चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "वरून बरं पडतं. सगळे चढले का बघतो. एखाद्याचा खाडा असला तर वाटतं, बरं नसेल. दुसऱ्या दिवशी दिसला की झालं."

अण्णांनी टीव्ही बंद केला. टीपॉयवरची किल्ली बोटानं काकांकडं सरकवली. "ठिवा तुमच्यापाशीच. टाकीकडं बघायला मानूस लागतोच."

"आन् पांढरा शर्ट दिसला की मला फोन करा," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी हे ओव्हरटाइमवरून आले. चहा देताना मी सगळं सांगितलं. हे फार बोलणारे नाहीत. बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "त्यांची जागा तशीच आहे."

"कुठली जागा?"

"बसमधली. ड्रायव्हरच्या मागची तिसरी, खिडकीची. बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते. मागच्या महिन्यात नवीन भरती झालेला एक जण बसला तिथं. सगळ्यांनी उठवला. सोनवणेंची आहे म्हणाले."

"पण ते तर रिटायर झाले."

"मग काय झालं?" असं म्हणून हे हातपाय धुवायला गेले.

ही गोष्ट काकांना दिसणं शक्य नव्हतं. ड्रायव्हरची बाजू रस्त्याकडं. आमच्या गच्चीवरून बसचा दरवाजा दिसतो, पलीकडच्या खिडक्या दिसत नाहीत.

एरवी मी कपडे वाळत घालायला नऊ वाजता वर जाते. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच बादली घेऊन गेले. काका कठड्यापाशी होते. मला बघून जरा दचकले आणि परत कोपऱ्याकडं वळले. बस आली, माणसं चढली, बस गेली. काकांनी कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेला काळं झाकण लावलं.

मला बोलायचं होतं आणि धीर होत नव्हता. एक टॉवेल झाला, दोन परकर झाले, ह्यांचा शर्ट झाला. मग दोरीकडं बघतच मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

काका माझ्याकडं वळले.

"कुणी उठवलं म्हणालीस?"

"सगळ्यांनी."

"तिसरीच ना?"

"तिसरी. खिडकीची."

"हं," काका म्हणाले. मग पाठ फिरवून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बस गेली त्या बाजूला धरला आणि नळी पूर्ण बाहेर काढली. तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आज हवा स्वच्छ आहे. पार चाकणपर्यंत दिसतंय बघ."

झाकण तसंच लावलेलं होतं. मी बादली उचलली आणि आवाज न करता जिना उतरले.