गुरुवारचा लाल ठिपका

कौन्सिलने या वर्षापासून कचऱ्याचं छापील कॅलेंडर बंद केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. (माझा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) इतकी वर्षं डिसेंबरात पत्रपेटीत एक पत्रक यायचं. ते फ्रिजवर चिकटवलं की वर्षभराची काळजी मिटायची. या गुरुवारी लाल झाकणाचा डबा, म्हणजे घरातला कचरा. पुढच्या गुरुवारी पिवळ्या झाकणाचा, म्हणजे बाटल्या आणि रद्दी. आता म्हणे फोनवर बघा. चौतीस वर्षं पोस्टात ज्याने घरोघर कागद वाटले, त्याला हे सांगतात फोनवर बघा.

"नोएलीन," मी बायकोला म्हणालो, "कॅलेंडर मी घरीच करतो."

"कर की," ती म्हणाली. "फक्त माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नको."

एक करायचं तर सगळ्या गल्लीसाठीच का करू नये, असं मग माझ्या मनात आलं. बँक्सिया स्ट्रीटवर आमची घरं तेरा. खरं सांगायचं तर गल्लीचा कळवळा मला नव्हता. मला मर्व्ह ट्रँटरचा काटा काढायचा होता.

मर्व्ह समोर राहतो. दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला तो आपला डबा ढकलत रस्त्याच्या कडेला आणतो आणि त्याच्या झाकणाचा रंग बघून अख्खी गल्ली आपापला डबा बाहेर काढते. कोणी पत्रक बघत नाही, कोणी तारीख बघत नाही. एकदा तो बहिणीकडे टाऊन्सव्हिलला गेला होता, तर त्या आठवड्यात गल्लीतला एकही डबा हलला नाही. आता या माणसाची लायकी काय, तर तो इतरांपेक्षा लवकर जेवतो. एवढ्यावर त्याला हा मान. मीही इथे मर्व्हइतकीच वर्षं राहतोय, पण माझ्या डब्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मी शेडमध्ये पंधरा दिवस कोंडून घेतलं. कागद कापले, दुमडले, दाभणाने भोकं पाडली, जाड दोऱ्याने शिवले, वर खाकी पुठ्ठा चढवला. तळहाताएवढ्या तेरा वह्या झाल्या. प्रत्येक गुरुवारवर हाताने एक ठिपका, लाल नाहीतर पिवळा. असे सहाशे शहात्तर ठिपके. (पाठ अजून सरळ झालेली नाही.) जानेवारीची सुरुवात कोणत्या रंगाने होते, हे विचारायला कौन्सिलला फोन लावला, तर चाळीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही फोनवर का बघत नाही?" मी म्हटलं, "बाई, मी फोनवरच आहे." शेवटी तिच्याकडून उत्तर काढलंच.

नाताळच्या आधी वह्या वाटल्या. कोपऱ्यावरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या ग्लेनिसबाईंनी माझा गालगुच्चा घेतला. मर्व्हने वही उलटीपालटी करून बघितली आणि "शिवण बरी आहे," म्हणाला. इतकंच. कुठल्यातरी खणात टाकली असणार.

नाताळला आमच्याकडे एकोणीस माणसं जेवायला होती आणि पाच किलो कोळंबी. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो आणि कोळंबीची टरफलं उन्हाळ्यात कुणी डब्यात टाकत नाही, वास सुटतो. वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि लाल डब्याच्या आदल्या संध्याकाळी बाहेर काढायची. आमचा फ्रीजर टरफलांनी गच्च भरला होता. नोएलीनचं आइस्क्रीम शेजारणीच्या फ्रीजरमध्ये पाहुणं गेलं होतं.

"डेस," ती म्हणाली, "ही घाण पुढच्या लाल डब्यात गेली पाहिजे. नाही गेली तर तू आणि ती दोघं शेडमध्ये राहा."

जानेवारीचा पहिला बुधवार. बाहेर अडतीस डिग्री. मी फ्रिजवरची वही बघितली, उद्या लाल ठिपका. पाच वाजताच मी फ्रीजर रिकामा केला आणि लाल डबा रस्त्यावर नेऊन उभा केला. गल्लीत पहिला. छाती फुगली.

साडेपाचला मर्व्ह आला. पिवळा डबा घेऊन.

"मर्व्ह," मी म्हणालो, "उद्या लाल आहे."

"नाही रे, पिवळा. मी आत्ताच तुझ्या त्या..."

"मला शिकवू नकोस. कॅलेंडर कोणी केलं?"

"तू केलंस, तेच तर सांगतोय की..."

"मग ते उघडून बघायचे कष्ट घे."

तो खांदे उडवून जेवायला गेला. मग एकेक दार उघडलं आणि एकेक पिवळा डबा बाहेर आला. बारा घरं, बारा पिवळी झाकणं. ग्लेनिसबाईसुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून भाषण केलं: मेंढरं आहात सगळी, हातात वही दिलीय तरी त्या ट्रँटरच्या मागे जाता, एका माणसाच्या कष्टाची काही किंमत?

"बाळा, पाणी पी," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "ऊन लागलंय तुला."

सकाळी गाडी आली. बारा पिवळे डबे उचलले आणि माझ्या लाल डब्याला वळसा घालून निघून गेली. डब्याला तेव्हाच वास येऊ लागला होता.

मर्व्ह रस्ता ओलांडून आला. शर्टाच्या खिशातून त्याने माझी वही काढली. खिशात राहून पानांचे कोपरे मऊ पडले होते.

"काल हेच सांगत होतो," तो म्हणाला. "हे बघ, पिवळा. मी काल हिच्यात बघूनच डबा काढला. सगळ्यांनीच."

ग्लेनिसबाई चष्मा लावून आपली वही घेऊन आल्या. पिवळा. नोएलीनने फ्रिजवरची आमची वही आणली. लाल.

तिने वही उलटून शिवण बघितली. "डेस, ही तुझी पहिली ना? नमुन्याची? कौन्सिलला फोन करायच्या आधी रंगवलेली?"

(शिवण फार सुरेख जमली होती. टाकून देववेना. रंग नंतर बदलू म्हटलं होतं.)

म्हणजे गल्लीच्या इतिहासात प्रथमच मर्व्हच्या डब्याकडे न बघता सगळ्यांनी माझं ऐकलं होतं. बाराच्या बारा घरांनी. आणि त्याबद्दल मी त्यांना रस्त्यात उभं राहून मेंढरं म्हटलं होतं.

तो डबा आठवडाभर माझ्या शेडच्या दाराशी उन्हात उभा होता. पुढच्या बुधवारी मी सव्वापाचपासून पडद्याआड उभा होतो, मर्व्ह कोणत्या झाकणाचा डबा बाहेर काढतो ते बघायला.