साहेबांचा टेकिला

खांडबाऱ्याच्या डाक बंगल्यावर सोमवारी सकाळच्या गाडीने एक लाकडी पेटी आली. पेटीतल्या पेंढ्यातून एक बाटली निघाली आणि ती पाहून बंगल्याचे कारकून दामोदर विसपुते यांना घाम फुटला. विसपुत्यांच्या घराण्यात दारूचं नुसतं नाव निघालं तरी चूळ भरायची पद्धत होती. त्यांनी बाटली उपरण्यात गुंडाळली, कचेरीच्या कपाटात सरकारी नकाशांच्या मागे लपवली आणि किल्ली जानव्याला बांधून टाकली.

सोबत जंगल खात्याच्या बार्लो साहेबांचं पत्र होतं. साहेबांचा मेहुणा मेक्सिको नावाच्या देशात खाणीवर नोकरीला होता. त्याने हा टेकिला पाठवला होता. साहेब गुरुवारी दौऱ्यावर येणार होते, आल्याबरोबर त्यांना तो तयार हवा होता, आणि त्यातला अर्धा धुळ्याच्या मोठ्या साहेबांसाठी राखून ठेवायचा होता. तो करायचा कसा हे ठाऊक नसेल म्हणून त्यांनी एका विलायती मासिकाचं कापलेलं पानही जोडलं होतं.

विसपुत्यांना हे पत्र म्हणजे देवानेच पाठवलेली परीक्षा वाटली. कारण याच गुरुवारी ते साहेबांपुढे नंदुरबारच्या बदलीचा अर्ज ठेवणार होते. त्यांची बायको दुर्गा नंदुरबारला होती आणि पाच महिन्यांची मुलगीही. बंगला सोडून हलता येत नसल्यामुळे मुलीला त्यांनी आजवर दोनदाच पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला उचललं, तर परक्या माणसाने उचलावं तशी ती किंचाळली होती. त्या दिवसापासून विसपुत्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

तेव्हा साहेब खूश व्हायलाच हवे होते. विसपुत्यांनी दोन दिवस कोश घेऊन त्या पानाचं शुद्ध मराठीत भाषांतर केलं. मात्र आपल्या हस्ताक्षरात ‘मद्य’, ‘पेला’ असले शब्द असलेला कागद उद्या कोणाच्या हाती लागला तर काय घ्या, असं वाटून त्यांनी तेवढे शब्द गाळून टाकले. बाकीचं भाषांतर बिनचूक होतं.

प्रत्यक्ष कृती करायची होती छबूबाईने. छबूबाई रनाळ्याची, बंगल्यावर वीस वर्षं स्वयंपाकाला होती. साहेब लोकांना ती लेकरांसारखं वागवायची आणि त्यांच्या तब्येतीची तिला भारी काळजी. बुधवारी सकाळी विसपुते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि ‘दारू’ हा शब्द तोंडातून निघू न देता त्यांनी विषय काढला.

“छबूबाई, साहेबांचा टेकिला आलाय.”

आता जीव टेकीला येणं म्हणजे माणूस थकून, पिचून अगदी शेवटाला येणं. छबूबाईने दुसरा कुठला टेकिला जन्मात ऐकला नव्हता. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

“आसं कसं व्हयनं? मांगला महिनामा तं चांगला व्हता.”

“मागच्या महिन्यात नव्हताच. परवा सकाळच्या गाडीत आला.”

“कितला शे?”

“तसा पुष्कळ आहे. जपलं तर आठ दिवस जाईल.”

“आठच दिन?”

“साहेबांच्याच हातात असतं तर दोन दिवसांत संपला असता,” विसपुते म्हणाले आणि उगाचच हसले.

छबूबाईने डोळ्यांना पदर लावला. माणूस चांगला शिकलेला, पण मनाने अगदीच कोरडा, असं तिला त्यांच्याबद्दल वाटून गेलं. विसपुत्यांना वाटलं, चुलीचा धूर गेला असेल. साहेबांच्या मासिकातलं आहे, असं सांगून त्यांनी कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली.

“‘घरच्या घरी करावयाचा सोपा प्रकार, कोणत्याही ऋतूस अनुकूल.’”

“खरं शे. मन्ही आजी घरमाच करे,” छबूबाई म्हणाली.

रनाळ्याच्या आज्याही असलं काही करत असतील याची विसपुत्यांना कल्पना नव्हती. त्या गावाबद्दलचं त्यांचं मत एकदम बदललं. त्यांनी घसा साफ करून पुढे वाचलं, “‘मुखाच्या कडेवरून लिंबाची फोड गोलाकार फिरवावी. नंतर मुखाभोवती मीठ लावावे.’”

इथे छबूबाईला सगळा उलगडा झाला. लिंबू फिरवायचं आणि मीठ लावायचं, म्हणजे साहेबांना दृष्ट लागली होती. एवढा गोरापान माणूस, डोक्यावरची टोपी काढून गावोगाव हिंडतो, दुसरं काय होणार. साहेबांच्या मासिकातही शेवटी तोच उतारा निघाला याचं तिला समाधान वाटलं. फक्त लिंबू किती वेळा फिरवायचं ते कागदात काय लिहिलंय, असं तिने विचारलं. विसपुत्यांनी पाहून एकदाच असल्याचं सांगितलं.

“एक डावमा काय व्हस? सात डाव लागस.”

“तुमच्याकडे सातची रीत असेल तर सात वेळा फिरवा. साहेब खूश झाले पाहिजेत. पुढे लिहिलंय, ‘दहा-बारा वेळा जोराने हलवावे.’”

“ते मन्हा हातनं काम नही. नारसिंगले बलावनं पडी.”

“बोलवा. पण हलवताना खाली पडू देऊ नका म्हणावं. एकच आहे. ‘उन्हाळा असल्यास ओल्या फडक्यात गुंडाळून गार करावे.’ हिवाळ्यात दालचिनी वगैरे आहे, ते आपल्याला नको.”

चैत्र संपत आला होता, तेव्हा ओलं फडकं ठरलं. कागदाची घडी खिशात घालून विसपुते समाधानाने कचेरीत गेले. इतकी अवघड गोष्ट इतक्या चटकन समजणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. छबूबाईने विश्वासाने सात लिंबं वेगळी काढली.

नारसिंग हा बंगल्याचा चौकीदार. तो डोंगराकडच्या गावचा होता आणि मुरगळलेला पाय, उतरलेली नस असल्या गोष्टींसाठी आसपासची माणसं त्याच्याकडे येत. छबूबाईने त्याला साहेबांची अवस्था सांगितली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“मडमले मालूम शे का?”

मडम सहा वर्षांपासून विलायतेत आहे, इकडे आलीच नाही, असं छबूबाईने सांगितलं. नारसिंगने मान हलवली. मग तेच दुखणं, असं म्हणून तो हात चोळून तयार राहिला.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला साहेबांचा छकडा बंगल्यासमोर थांबला. स्टेशनपासूनच्या फुफाट्याने साहेब भुवयांपर्यंत भरले होते आणि उन्हाने त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. मराठीची सरकारी परीक्षा ते पास झालेले होते आणि ती भाषा ते परीक्षेत बोलावी तशीच बोलत. पायरीवर पाय ठेवताच त्यांनी विचारलं, “विसपुते, माझा टेकिला सिद्ध आहे काय?”

दारात उभ्या असलेल्या छबूबाईने नारसिंगचा दंड धरला.

“देवा, सोताच इचारी ऱ्हायना,” ती नारसिंगला म्हणाली.

विसपुत्यांनी आत्ता आणतो म्हणून सांगितलं आणि ते कचेरीकडे धावले. कपाट उघडून, नकाशे बाजूला सारून, उपरण्यात गुंडाळलेली बाटली आणि बदलीचा अर्ज घेऊन यायला त्यांना थोडा वेळ लागला. तेवढ्यात छबूबाईने साहेबांना व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसवलं होतं.

साहेब मुकाट्याने बसले. मेक्सिकोत हे पेय घेण्याआधी मीठ चाटतात आणि लिंबू चोखतात, असं मेहुण्याने त्यांना कळवलं होतं. त्यामुळे छबूबाईने त्यांच्या तोंडाभोवती मीठ लावलं तेव्हा त्यांनी ते जिभेने चाटलं आणि पुढच्या घोटाची वाट पाहू लागले. घोट काही आला नाही. डोक्यावर ओलं फडकं आलं. मग चेहऱ्याभोवती लिंबं फिरू लागली आणि त्यातलं एकही तोंडात येईना. पाचव्या लिंबाला साहेबांचा गोंधळ उडाला. सातव्या लिंबानंतर नारसिंगने मागून त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि हलवायला सुरुवात केली.

विसपुते व्हरांड्यात आले ते नेमके याच वेळी. साहेब खुर्चीत गदागदा हलत होते, त्यांच्या मिशांवरून मीठ उडत होतं आणि छबूबाई नारसिंगला बजावत होती, “हळू, भाऊ. पडाले नको. एकच शे.”

“विसपुते,” साहेब हलता हलता म्हणाले, “ही रीत मेक्सिकोची आहे, किंवा खानदेशाची आहे?”

विसपुते साहेबांना सोडवायला झेपावले. उपरणं सैल झालं आणि त्यातून बाटली निसटून फरशीवर फुटली. व्हरांडाभर उग्र वास पसरला. नारसिंगने हात थांबवले. विसपुत्यांना डोळ्यांसमोर किंचाळणारी मुलगी दिसली, आणि ती आता मोठी होऊन सासरी जाईपर्यंत आपण खांडबाऱ्यालाच राहणार, याची त्यांना खात्री पटली.

साहेबांनी डोक्यावरचं फडकं काढलं. बाईने आपल्याला नक्की काय केलं, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. विसपुते खाली बसून काचा गोळा करू लागले. शेवटी छबूबाईच पुढे झाली.

“भाऊसाहेबनी माले सांगं, साहेबना जीव टेकीला उना. मी दिष्ट काढी टाकी. आते बरं लागस का?”

साहेबांनी विसपुत्यांकडे अर्थ विचारला. तेव्हा विसपुत्यांनी सगळंच कबूल केलं, गाळलेले शब्दसुद्धा: मुख पेल्याचं होतं आणि हलवायचं होतं ते मद्य. मग त्यांनी इंग्रजीत समजावून सांगितलं, की ज्याला दम काढवत नाही, ज्याच्याच्याने आता आणखी सोसवत नाही, त्या माणसाचा जीव टेकीला आला असं आमच्याकडे म्हणतात.

साहेबांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. परीक्षेच्या पुस्तकात हा शब्द नव्हता. मग ते छबूबाईकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही सत्य बोलला. माझा जीव टेकीला आलेला आहे. सहा वर्षांत हे मला कोणी विचारले नाही.”

आणि त्यांनी टेकिल्याऐवजी चहा मागितला. चहा पिता पिता त्यांनी स्वतःच्या रजेचा अर्ज लिहिला. मग त्यांची नजर विसपुत्यांच्या हातातल्या, दारूचे शिंतोडे उडालेल्या कागदावर गेली. तुमचं कुटुंब कुठे असतं, असं त्यांनी विचारलं. विसपुत्यांनी मुलीचं सांगितलं. दोनच भेटी झाल्याचं आणि दुसऱ्या भेटीत ती किंचाळल्याचंही त्यांनी सांगून टाकलं. साहेबांनी अर्ज घेतला. नवा शब्द त्यांना फारच आवडला होता, म्हणून एरवी इंग्रजीत मारायचा शेरा त्यांनी मुद्दाम मराठीत मारला, ‘अर्जदार टेकीला आला आहे. सबब बदली व्हावी. बार्लो.’ विसपुत्यांनी त्याच संध्याकाळी तो कागद धुळ्याच्या टपालात टाकला. परत येताना ते चक्क गुणगुणत होते.

धुळ्याचे मोठे साहेब आठ दिवसांपासून आपल्या अर्ध्या बाटलीची वाट पाहत बसले होते. बाटली आली नाही, अर्ज आला. मराठी त्यांना फारशी येत नव्हती, पण शेऱ्यातला एक शब्द त्यांनी अक्षर लावून वाचला आणि तो त्यांना बरोबर ओळखू आला. त्यांनी कागद नाकाजवळ नेला. कागदाला वासही येत होता. आपली अर्धी बाटली कोणाच्या पोटात गेली हे त्यांना लख्ख समजलं.

मोठे साहेब वाईट मनाचे नव्हते. त्यांनी बदली तात्काळ मंजूर केली. असल्या माणसाला जंगलात एकटं ठेवणं धोक्याचं आहे, त्याला कुटुंबाजवळच ठेवावं, आणि नंदुरबारच्या हेडक्लार्कने त्याच्यावर रोज नजर ठेवावी, असा हुकूम त्यांनी खाली लिहिला. नंदुरबारच्या हेडक्लार्कने तो हुकूम दोनदा वाचला आणि घरी जाऊन बायकोला सांगितला. हेडक्लार्कच्या बायकोचं घर दुर्गाच्या घराला लागूनच होतं.

महिनाअखेरीस विसपुते खांडबाऱ्याहून कायमचे निघाले. छबूबाईने त्यांना डबाभर दशम्या बांधून दिल्या. गाडीत विसपुत्यांनी तीनदा मिशी विंचरली, या खेपेला मुलीने घाबरू नये म्हणून. नंदुरबारला उतरून ते जवळजवळ पळतच घरापाशी पोहोचले. दुर्गा मुलीला कडेवर घेऊन उंबऱ्यातच उभी होती. विसपुत्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिने मुलीला मागे घेतलं.

“पहिले तोंड उघाडा,” ती म्हणाली.

विसपुत्यांना काही कळेना. त्यांनी काय झालं म्हणून विचारायला ओठ हलवले, तर तिने पुन्हा तेच सांगितलं. शेजारच्या खिडकीत हेडक्लार्कची बायको उभी होती. शेवटी भर रस्त्यात, हातातली वळकटी खाली ठेवून, त्यांनी मोठा आ केला. दुर्गा वाकून वास घेऊ लागली. आणि तिच्या कडेवरची मुलगी त्या उघड्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली आणि खुदकन हसली.