थकव्याचं प्रमाण वजन

जिना चढून दम लागला की माणूस "दमलो बुवा" म्हणतो आणि टेकतो. आमच्या चाळीतले गायकवाडसाहेब तसं म्हणत नाहीत. ते कठड्याला धरून वरून माझ्या दुकानाकडे ओरडतात, "सुर्वे, लिहून घे! दोन किलो बटाटे, दोन मजले, तीन थांबे! कालच्यापेक्षा एक थांबा जास्त!"

मी करी रोडला चाळीच्या तोंडाशी कांदे-बटाटे विकतो. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, आज स्वतःचा गाळा आहे. साहेब सरकारी नोकरीत दुकानदारांची वजनमापं तपासायचे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी भर गिऱ्हाइकांत माझं किलोचं वजन जप्त केलं. झिजून आठ ग्रॅम हलकं झालं होतं. आठ ग्रॅम! लसणाच्या दोन पाकळ्या! मी ते विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

"अंदाजे" हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. पुढे मूत्रपिंडं बिघडली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी एक फॉर्म हातात दिला. थकव्यामुळे रोजची कामं किती जड जातात? दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दहा. साहेब डॉक्टरांवरच उखडले. "दहा म्हणजे किती? प्रमाण वजन दाखवा!"

ते कोण दाखवणार? मग आठवडाभर यांनीच मोजमाप केलं. पाण्याची बादली, शर्टाची बटणं, बटाट्याची पिशवी. साक्षीदार मी. का? "तू मला एक ग्रॅम जास्त देणार नाहीस, म्हणून."

काल फॉर्म भरायला बसलो. साक्षीदार मी, म्हणून पेनही माझ्याकडे. डॉक्टरांनी बजावलं होतं, बेरीज पन्नासच्या वर गेली तर एकट्यानं राहायचं नाही. वहिनी गेल्यापासून साहेब एकटेच. मुलगा विजय त्यांना नाशिकला न्यायला टपलेला, आणि यांना करी रोड सोडायचं नाही.

"बटणं लावणं. सात."

"पाच करा."

"सहा बटणांना सात मिनिटं लागली. घड्याळ तूच धरलं होतंस."

"मग सहा! तुमचंही नको, माझंही नको."

"कांदे आहेत काय? माप म्हणजे माप. सात!"

नऊ प्रश्न मी घसा फोडला, हा माणूस एका आकड्यानं हलला नाही. बेरीज अठ्ठेचाळीस!

दहावा प्रश्न. थकव्यामुळे लोकांना भेटणं-बोलणं किती जड गेलं?

"शून्य."

"शून्य?"

"आठ दिवसांत कोणी आलंच नाही. जड कसं जाईल? थकव्यावर खोटा आळ नको."

जिंकलो होतो! गप्प बसायचं सोडून माझं डोकं सटकलं. "कोणी आलं नाही? रोज दोन मजले चढून येतो तो कोण, माझं भूत?"

"तू भांडायला येतोस."

"भांडायला माणूस लागत नाही?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसून पुन्हा लावला. "बरोबर आहे. भेटच ती. भांडताना मला मधे थांबावं लागतं. तीन लाव."

"नाही नाही! मी भांडायलाच येतो! शून्य राहू दे, साहेब!"

"भेट आहे, सुर्वे. तीन."

एक्कावन्न. "आता विजयला कळव," साहेब म्हणाले. मी विजयला फोन लावला.

"पन्नासच्या वर गेलं ना, काका? मग रविवारी न्यायला येतो."

"न्यायला नको, जेवायला ये! एकट्यानं राहायचं नाही, एवढंच ठरलंय ना? अरे, त्या एक्कावन्नातले तीन माझे आहेत. तुझे बाबा एकटे असते, तर ते लागलेच नसते!"