बांगडा म्हणजे बास्केट

साल १९८४. जोगेश्वरीच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवणारे रामनाथ तोरसकर सर छाती फुगवून म्हणाले, "यंदा चषक आपलाच! माझ्या खुणा ब्रह्मदेवालाही कळायच्या नाहीत!"

प्रिन्सिपल वनमालाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सहा वर्षं हेच ऐकतेय. हरलात तर मैदानावर सायकल स्टँड आणि तुम्ही लायब्ररीत, पुस्तकांना नंबर चिकटवत!"

 पण खुणा खरंच झकास होत्या! अर्धा संघ वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, म्हणून सगळी भाषा मासळीची. 'बांगडा' म्हणजे टाक बास्केटमध्ये, 'सुरमई' म्हणजे चेंडू उंच, आमच्या ताडमाड नंदाकडे, आणि 'बोंबील' म्हणजे सगळ्या मागे पळा!

सेमीफायनलला सर इतके ओरडले, की फायनलच्या दिवशी गळ्यातून नुसती पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी हवा! फुस्स!

सामना सुरू झाला. नंदा बास्केटखाली पोचली, चेंडू टाकणार, तोच कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून आरोळी आली, "बोंबीऽऽल! ताजं बोंबीऽऽल!"

पाचही पोरी चेंडू टाकून उलट्या पळाल्या!

कुंपणाशी सखुबाई कोळीण पाटी उतरवून बसली होती. आवाज असा, की चार गल्ल्यांना एकटी पुरावी. 'वाट लागली!' म्हणत सर तिला हाकलायला धावले आणि वाटेतच त्यांचं डोकं चाललं.

"मावशी," ते जाळीतून पुटपुटले, "सुरमई हाय?"

"सुरमई? ही बघ सुरमई!"

चेंडू नंदाकडे!

"आणि बांगडो?"

"बांगडा! डोळं बघ त्याचं!"

बास्केट!

मग सर भाव विचारत सुटले आणि पोरी गुण घेत सुटल्या. समोरच्या संघाला वाटलं, यांचे कोच सामना सोडून बाजार करताहेत!

शेवटची पाच सेकंदं. आपण एका गुणाने मागे, चेंडू नंदाच्या हातात, आणि सखुबाईने पाटी डोक्यावर घेतलेली!

"मावशी, एकच! बांगडो!"

"मेल्या, तासभर भाव इचारतोस!" सखुबाई कडाडली. "बांगडा संपलाऽऽ!"

'संपला' ऐकायला थांबतंय कोण? नंदाने होती तिथूनच चेंडू भिरकावला. रिंगवर दोन गिरक्या... आणि आत!

पोरींनी सरांना खांद्यावर घेतलं. वनमालाबाईंनी, शपथेवर सांगते, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली!

मैदान वाचलं. सायकल स्टँड झाला तो वनमालाबाईंच्या गाडीच्या जागेवर, ती त्यांनीच दिली. नंदा विद्यापीठाकडून खेळली, मग रेल्वेत लागली. सरांनी पुढे नऊ चषक आणले आणि प्रत्येक सत्कारात 'गुप्त डावपेच' यावर भाषण ठोकलं.

सखुबाई मात्र जोगेश्वरीच्या बाजारात पाटी मांडून येईल त्याला सांगायची, "त्यो कोच? एक नंबरचा चिकट! शंभरदा बांगडा इचारला, एक घेतला नाय!"

म्हणून रिटायर होईपर्यंत सर मासळी आणायला दोन बस बदलून घाटकोपरला जायचे.